एस्टीममधला चौथा वाइडबँड: सेन्सर वारंवार का जातो याचा शोध

एक भाग पेट्रोलला किती भाग हवा ते दाखवणाऱ्या गेजवर १८ चा आकडा अडकून बसला होता. इंजिन मात्र छान चालू होतं. झटके नाहीत, धूर नाही, प्लग काढून पाहिले तर विटकरी रंगाचे, म्हणजे जसे हवेत तसे. मिश्रण खरंच एवढं लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असतं तर गाडी ट्रॉलीवरून खाली उतरतानाच खोकली असती.

"दादा, डुप्लिकेट माल मिळाला असणार," गाडीचा मालक म्हणाला. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून गेजला आकडा देणारा वाइडबँड सेन्सर, आणि दीड वर्षातला हा त्याचा तिसरा. दर खेपेला आठ-नऊ हजार रुपये आणि वर कुरिअरची वाट बघणं. त्यानं फोनवरच चौथ्याची ऑर्डर टाकली, मी नको म्हणेपर्यंत पैसे गेलेसुद्धा.

डुप्लिकेट सेन्सर बाजारात आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण आमचे तिन्ही अस्सल होते. खोक्यावरचा आणि षटकोनावर कोरलेला नंबर जुळत होता, संरक्षक टोपीवरची भोकं आणि केबलचं आवरणही ओरिजिनलसारखं होतं. एकाच गाडीत तीन अस्सल सेन्सर जातात तेव्हा सेन्सरला शिव्या देऊन उपयोग नाही, तो जिथे बसवलाय ती जागा आणि त्याला जोडलेली वायर तपासायची. मला हे समजायला दीड वर्ष लागलं. वायरिंग मीच केलं होतं, म्हणून जरा जास्तच लागलं.

गाडी म्हणजे जुनी एस्टीम, १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन, त्याला छोटा टर्बो आणि वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. काम कोल्हापूरला उद्यमनगरात चालतं. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग (सरळ रेषेतली छोटी शर्यत), कधीमधी कोइंबतूरला कारी ट्रॅक, आणि प्रवास ट्रॉलीवरून. ही गाडी रस्त्यावर येत नाही आणि तिनं यायचंही नाही: कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाही, पीयूसीचा प्रश्नच नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी रोजच्या स्विफ्टचा कॅट कापून मोकळा होईल.

आधी सेन्सर करतो काय

थोडक्यात सांगतो, कारण तो मरतो कशानं याचं उत्तर यातच आहे. कंपनीच्या गाडीत असतो तो साधा नॅरोबँड सेन्सर फक्त "रिच" (पेट्रोल जास्त) किंवा "लीन" एवढंच ओरडतो. अर्ध्या व्होल्टच्या आसपास इकडून तिकडे उडी मारतो आणि गप्प बसतो. किती रिच, ते त्याला सांगता येत नाही. वाइडबँडमध्ये, उदाहरणार्थ बॉशच्या एलएसयू ४.९ मध्ये, झिर्कोनिया या सिरॅमिकच्या पट्टीत एक बारीक फट असते. एक्झॉस्टचा वायू त्या फटीत शिरतो. तिथलं मिश्रण कायम नेमकं लॅम्डा १ (ना रिच ना लीन, पेट्रोल पुरतं जळेल एवढीच हवा) राहावं म्हणून कंट्रोलर, म्हणजे सेन्सर चालवणारा डबा, विजेच्या जोरावर ऑक्सिजन आत ढकलतो किंवा बाहेर ओढतो. त्यासाठी किती करंट लागला, तेच आपलं रीडिंग. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून मालाचं वजन काढावं, तसा प्रकार.

हे सगळं जमायला ती पट्टी ७८० अंशांवर तापलेली लागते. एक्झॉस्टच्या उष्णतेवर विसंबून भागत नाही, म्हणून आत स्वतःचा हीटर असतो. म्हणजे चालू सेन्सर हा निखाऱ्यासारखा लाल झालेला चिनीमातीचा तुकडा आहे. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको.

पहिला: पाण्यानं

पहिला सेन्सर चार महिने टिकला. लक्षण असं की गाडी चालू केल्यावर मिनिटभर आकडा ठीक, मग हळूहळू लीनकडे सरकायचा आणि शेवटी टोकाला जाऊन थांबायचा. मीटर लावून ग्रे आणि पांढऱ्या वायरमध्ये रेझिस्टन्स मोजला (हीटरच्या वायरी याच) तर थंड सेन्सरला तीन ओहमच्या जरा वर. म्हणजे हीटर शाबूत. ओपन दाखवलं असतं तर हीटर तुटला असं समजून तिथेच विषय संपला असता.

मग सेन्सर काढून कानाजवळ धरला आणि हलक्या हातानं हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. वाळलेल्या खसखशीच्या बोंडासारखं. झिर्कोनियाचा तुकडा पडला होता.

पाणी आलं कुठून? पेट्रोलमधून. एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानानं लिटरभर पाणी तयार होतं. गरम पाइपातून ते वाफ होऊन निघून जातं, पण थंड पाइपात त्याचे थेंब होतात आणि सगळ्यात खालच्या जागी जमतात. आमचा सेन्सर नेमका त्या सगळ्यात खालच्या जागी होता. इंजिनाखालून मागं जाणाऱ्या आडव्या पाइपाच्या पोटाला, टोक वर करून. कारण एवढंच की फॅब्रिकेटरला गाडी लिफ्टवर असताना खालून वेल्ड मारायला सोपं पडलं, आणि मी बघत उभा होतो.

पाइपाचा गोल घड्याळाच्या तबकडीसारखा धरा. सेन्सर १० ते २ च्या दरम्यान हवा, केबल वर, टोक खाली, आणि आडव्या रेषेपासून किमान १० अंश कलता. म्हणजे पाणी टोपीत साचत नाही, निथळून जातं. अगदी १२ वर, सरळ उभा लावला तर पाण्याच्या दृष्टीनं चालतं, पण बऱ्याच गाड्यांत तिथे फ्लोअरचा पत्रा आडवा येतो आणि पाइपाची उष्णता थेट केबलच्या रबरी बुशावर चढते. मी १ किंवा २ घेतो.

जागा हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं माझं. कंट्रोलरची पॉवर मी सरळ इग्निशनवर घेतली होती. चावी ऑन की हीटर ऑन. आता ट्यूनिंग करताना काय होतं? लॅपटॉप जोडायचा, चावी ऑन करून ईसीयूची फ्युएल टेबल (कुठे किती पेट्रोल द्यायचं त्याचे तक्ते) उघडायची, चहा येतो, गप्पा होतात, पंधरा मिनिटं इंजिन बंद आणि सेन्सर लाल. मग स्टार्टर मारला की पाइपात साचलेलं रात्रीचं पाणी थेट निखाऱ्यावर. जुलै-ऑगस्टात तीन-तीन आठवडे शेडमध्ये उभी असलेल्या गाडीत पाइप आतून किती ओला असतो, ते सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघा.

आता हीटरची पॉवर फ्युएल पंपाच्या रिलेबरोबर घेतलीय. इंजिन फिरलं तरच हीटर. चावी ऑन केल्यावर पंप दोन सेकंद प्राइम होतो तेवढ्यापुरता हीटरही जागा होतो, पण कंट्रोलर सुरुवातीला हीटरला हळूहळूच चढवतो, त्यामुळे तेवढ्यानं बिघडत नाही. ईसीयूला मोकळा आउटपुट असेल तर इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांनी रिले लावा, ते आणखी बरं.

याच्या उलटही एक चूक आहे आणि ती लोक "सेन्सर वाचवायला" म्हणून करतात. गेजचा फ्यूज काढून ठेवतात आणि सेन्सर तसाच पाइपात ठेवून गाडी चालवतात. थंड सेन्सरवर काजळी आणि तेल बसत जातं, जाळून टाकायला उष्णता नसते. हळूहळू टोपीची भोकं बुजतात. कंट्रोलर काढायचा असेल तर सेन्सरही काढा आणि भोकाला बूच लावा.

दुसरा: तापून

पहिल्यापासून धडा घेऊन दुसरा सेन्सर आम्ही वर घेतला. एवढा वर की टर्बोच्या तोंडापासून जेमतेम वीतभर. तिथे हात पोचायला सोपा, केबल छोटी पुरते, पाणी साचायचा प्रश्न नाही. गॅरेजमध्ये महिनाभर झकास चालला. ट्रॅकवर दोन दिवसांत गेला.

एलएसयू ४.९ ला वायूचं तापमान ९३० अंशांपर्यंत सतत झेपतं, त्याच्या वर थोडा वेळच. टर्बोच्या अगदी जवळ, फुल लोडवर चार-चार लॅप, तेव्हा इथला हिशेब कुठे जातो ते पाइपाच्या रंगावरूनच दिसतं. पण माझ्या मते टोकापेक्षा बाहेरचा भाग आधी हरतो. षटकोन, त्याच्यामागचं बुश, तिथून निघणाऱ्या वायरी. आमच्या सेन्सरचं काळं बुश काढलं तेव्हा ते नखानं दाबलं तर बिस्किटासारखं तुटत होतं.

मरायच्या आधी त्यानं इशारा दिला होता, मी वाचला नाही. कंट्रोलर कॅन लाइनवर (आकडे डिजिटल पाठवणारी वायर) सेन्सरचं तापमान पाठवतो, ते लॉगमध्ये होतं. सरळ रस्त्याच्या शेवटी हीटरची ड्यूटी, म्हणजे त्याला मिळणारी वीज, शून्यावर आलेली आणि तरी पट्टीचं तापमान चढतच होतं. हीटर बंद करूनही पट्टी तापतेय याचा अर्थ कंट्रोलरच्या हातात काही उरलेलं नाही, आणि त्या वेळचं रीडिंगही विश्वासाचं नाही. मी मात्र त्या आकड्यांवर फ्युएल टेबल दुरुस्त करत बसलो होतो.

टर्बो गाडीत टर्बोच्या मागे साठ सेंटिमीटर तरी जाऊ द्या, जागा असेल तर नव्वद. टर्बो नसेल तर सगळ्या सिलिंडरचे पाइप एकत्र झाल्यानंतर, पोर्टपासून हात-दीड हातावर. फार मागे नेलं, सायलेन्सरच्या शेपटापाशी, तर वायू थंड, उत्तर उशिरा आणि मागून हवा घुसायची भीती. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये लावायचा विचारही नको. तिथे उष्णता तर आहेच, शिवाय दाब चढला की सेन्सरचं रीडिंग फुगतं, रिच असेल तर आणखी रिच दाखवतो.

आमचा आता टर्बोपासून सत्तर सेंटिमीटरवर, २ वाजता. मध्ये एक पत्र्याची उष्णता-ढाल आणि केबलला फायबरचं आवरण.

बंग, आटे आणि मामांचा लेथ

नवी जागा ठरली तेव्हा नवा बंग लागला. सेन्सर ज्यात बसतो तो आट्यांचा गोल तुकडा, काही जण बुश म्हणतात. आटे एम१८ बाय १.५. शेजारच्या लेथवाल्या मामांनी एसएस ३०४ चा असा काही सुंदर बनवून दिला की वेल्ड करायला जीव होईना. पण उंची पंचवीस मिलिमीटर. सेन्सर त्यात बसवून पाइपाच्या आतून बॅटरी मारून बघितलं तर टोक बंगाच्या पोटातच, विहिरीत बेडूक बसावा तसं.

"मामा, एवढा उंच नको, निम्मा करा."

"निम्मा केला तर आटं किती ऱ्हातील? ढिला पडंल की."

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण टोपीची भोकं वायूच्या झोतात नसतील तर रीडिंग येतं, उशिरा येतं. ड्रॅगमध्ये पूर्ण रन दहा-पंधरा सेकंदांचा, तिथे अर्धा सेकंद उशीर म्हणजे तुम्ही चुकीच्या आरपीएमचा रकाना दुरुस्त करताय. शेवटी बारा-तेरा मिलिमीटरवर तडजोड झाली. भोकं पूर्ण आत आली आणि आटेही पुरले.

वेल्डिंग आर्गनचंच करून घ्या. आणि चालू सेन्सर बंगात ठेवून वेल्ड मारू देऊ नका. हे मूर्खपणाचं वाटेल, पण आमच्या पहिल्या बंगाचं तेच झालं होतं. "बसवूनच मारतो, म्हणजे सरळ येईल." उष्णतेनं आटे आक्रसले, आणि नंतर सेन्सर काढताना पान्याला पाइप लावून जोर द्यावा लागला. आता वेल्डिंगच्या वेळी बंगात पहिला मेलेला सेन्सर फिरवून ठेवतो, म्हणजे आटे वाकडे होत नाहीत. मेल्यावर तरी तो कामाला आला. वेल्ड गार झाल्यावर वरून एकदा टॅप फिरवायचा.

घट्ट करताना २२ चा पाना, ४० ते ६० न्यूटन मीटर. टॉर्क रेंच तिथे शिरत नाही हे मला माहीत आहे. हातानं पूर्ण बसला पाहिजे, मग पान्यानं आवळायचा. अँटीसीझ ग्रीस फक्त आट्यांना, तेही नव्या सेन्सरला बहुतेक कंपनीनंच लावलेलं असतं. टोकाला बोटसुद्धा लावू नका.

केबल लांब पडली किंवा कमी पडली तर कनेक्टर कापायचा मोह होतो. सेन्सरकडून पाच वायरी येतात आणि कनेक्टरला सहा पिन असतात. हे कोडं कुणाला पडलं असेल तर उत्तर असं: त्या कनेक्टरमध्ये एक बारीक रेझिस्टर आहे, फॅक्टरीत त्याच सेन्सरसाठी जुळवलेला. कनेक्टर फेकला की त्या सेन्सरचं कॅलिब्रेशन फेकलं. लांबी वाढवायची तर कंट्रोलरच्या बाजूची हार्नेस वाढवा.

तिसरा: जो मेलाच नव्हता

आता पहिल्या परिच्छेदातला १८ चा आकडा. जागा बरोबर, कोन बरोबर, हीटर रिलेवर, तरी दीड महिन्यात हे. आयडलला १८, थोडं थ्रॉटल दिलं की १५, आणि बूस्टमध्ये (टर्बोचा दाब चढल्यावर) ११.८, जसं मी ट्यून केलं होतं तसं. हे मी नीट लिहून ठेवलं असतं तर पाच मिनिटांत उलगडलं असतं. मेलेला सेन्सर निवडून निवडून फक्त आयडललाच खोटं बोलत नाही.

सेन्सर काढून मोकळ्या हवेत तपासला. कंट्रोलर ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतो, ती २०.९ च्या जवळ यायला हवी. आली १८.६. मालक म्हणाला, बघा, गेला. मग लक्षात आलं की शेजारी डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं स्प्रे चालू केलाय आणि थिनरचा वास आमच्या शेडभर पसरलाय. त्या वाफाही तापलेल्या पट्टीवर जळतात आणि ऑक्सिजन खातात. सेन्सर उचलून रस्त्यापलीकडे नेला, बॅटरीसकट. २०.८. सेन्सर ठणठणीत. (काही कंट्रोलरना दर बदलाला असं मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन लागतं, काहींना लागत नाही, तुमच्या पुस्तिकेत बघा. लागत असेल तर थिनर, एक्झॉस्ट आणि उदबत्ती या तिन्हीपासून लांब करा.)

मग १८ कुठून? गळतीतून. एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो, धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत येते. आयडलला वायू कमी, म्हणून ती चोरटी हवा प्रमाणात जास्त. फुल लोडवर वायूचा लोंढा असतो, चिमूटभर हवेनं फरक पडत नाही. म्हणून आयडलला लीन आणि बूस्टमध्ये बरोबर. हा नमुना दिसला की सेन्सरला हात लावायच्या आधी फट शोधा.

शोधायची आमची पद्धत अशी. इंजिन गार. ओलं फडकं घट्ट गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात कोंबायचं. व्हॅक्युम क्लीनरचं फुंकायचं टोक प्लगच्या भोकात लावायचं, त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल अशा बेतानं इंजिन हातानं फिरवून. आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर. मॅनिफोल्ड गॅस्केट कोरडं. टर्बोचा फ्लँज कोरडा. डाउनपाइपच्या (टर्बोतून निघणारा एक्झॉस्ट पाइप) व्ही-बँड क्लॅम्पला, खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही आणि फक्त आरसा पोचतो, तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक. क्लॅम्प सोडला तर दोन्ही कडा एकमेकींवर नीट बसतच नव्हत्या, डाउनपाइप पुढच्या हँगरला (पाइप टांगायचा आधार) जरा ताणून बांधलेला. हँगर सैल करून पाइप त्याच्या जागी आपोआप बसू दिला, मग क्लॅम्प आवळला. आयडल १४.६.

चौथा सेन्सर दुसऱ्या दिवशी कुरिअरनं आला.

आयडलला लीन दिसायची आणखी दोन कारणं असतात, ती गळती नसताना चकवतात. एक म्हणजे मिसफायर. सिलिंडर पेटला नाही तर त्यातलं पेट्रोल आणि हवा दोन्ही बाहेर, पण सेन्सर त्यातला ऑक्सिजन मोजतो आणि म्हणतो लीन. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग आणखी भिजतो, मिसफायर वाढतो, आकडा आणखी लीन. अशा वेळी कॉइल आणि प्लग बघा, फ्युएल टेबल नको. दुसरं, मोठे कॅम. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी एकदम उघडे राहतात तेवढ्या वेळात ताजी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये निसटते. अशा इंजिनला आयडलला आकड्यापेक्षा कान खरा. आणि थ्रॉटल सोडल्यावर गेज टोकाला जातं ते बिघाड नाही, ईसीयू तेव्हा पेट्रोलच बंद करतो. यावरूनही मला रात्री साडेअकराला फोन आलेले आहेत.

गेज एक सांगतं, लॅपटॉप दुसरंच

गळती संपली, तरी एक गोष्ट खटकत होती. बूस्टमध्ये गेजवर ११.८ आणि ईसीयूच्या लॉगमध्ये १२.२. सेन्सर तोच, कंट्रोलर तोच. ०.४ चा फरक म्हणजे टर्बो इंजिनमध्ये छोटी गोष्ट नाही.

आमच्या कंट्रोलरचा अॅनालॉग आउटपुट असा: व्होल्टला २.३७५ नं गुणा, ७.३१२५ मिळवा, आला एअर-फ्युएल रेशो. म्हणजे ०.४ चा फरक यायला ०.१७ व्होल्ट पुरतात. मीटरचं काळं टोक ईसीयूच्या अर्थला आणि लाल टोक कंट्रोलरच्या अर्थला लावलं. इंजिन बंद, शून्य. इंजिन चालू, ०.०६. रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट लावले, ०.१७. चोर सापडला. ईसीयूचा अर्थ सिलिंडर हेडवर, आणि कंट्रोलरचा मी सोय म्हणून डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटच्या बोल्टला दिला होता. सगळ्या बॉडीचा करंट त्या वाटेनं परत जात होता, त्यामुळे कंट्रोलरचं "शून्य" ईसीयूच्या शून्यापेक्षा वर बसलं होतं.

कंट्रोलरचा अर्थ ईसीयूच्या अर्थच्याच ठिकाणी नेला. फरक ०.०१. ज्यांच्याकडे कॅन आहे त्यांनी अॅनालॉगचा नाद सोडून रीडिंग कॅनवरून घ्यावं, हा सगळा व्याप वाचतो.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. गेजवर १४.७ दिसलं म्हणजे इंजिनातलं मिश्रण खरंच १४.७ ला एक आहे असं नव्हे. सेन्सरला फक्त लॅम्डा कळतो, गेज त्याला १४.७ नं गुणून दाखवतं. आज पंपावर मिळणाऱ्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चं खरं प्रमाण साधारण १३.५ ला एक आहे. गेज तरीही लॅम्डा १ ला १४.७ च म्हणणार, आणि त्यात चूक काही नाही, जोपर्यंत तुम्ही जुन्या पेट्रोलचे आकडे आणि नवे आकडे एकमेकांत मिसळत नाही. मी गेज लॅम्डावर टाकलंय. बूस्टमध्ये ०.८०, विषय संपला. मालकाला ते आवडत नाही, त्याला ११.८ बघायची सवय आहे.

मेलेल्या सेन्सरचं टोक वाचणं

फेकायच्या आधी टोकाकडे बघा, प्लग बघता तसं. मखमली काळं असेल तर मिश्रण फार रिच किंवा सेन्सर थंड राहतोय. काळं पण चिकट-तेलकट असेल तर टर्बोचं सील किंवा रिंगा. पांढरट, खरखरीत थर असेल तर दोन संशयित: कूलंट आत जातोय, किंवा कुणीतरी गॅस्केटऐवजी साधं सिलिकॉन थापलंय. त्या सिलिकॉनची वाफ क्रँककेसमधून इंटेकमध्ये आणि तिथून एक्झॉस्टमध्ये जाते. ट्यूबवर "सेन्सर सेफ" लिहिलेलंच वापरा. गंजासारखा लाल-नारिंगी थर म्हणजे बहुधा बाटलीतलं ऑक्टेन बूस्टर, काहींत लोहाचं संयुग असतं.

शिसं मात्र रंगानं सहज ओळखू येत नाही, आणि ते सगळ्यात झटपट मारतं. पंपावरचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंमुक्त आहे, तिथून भीती नाही. पण ट्रॅकवर कुणीतरी विमानाच्या १०० एलएल या शिसंवाल्या इंधनाचा कॅन घेऊन येतो आणि "थोडं टाकून बघ, नॉकिंग जाईल" म्हणतो. नॉकिंग जातंही. सेन्सरही जातो.

आमच्या पहिल्या सेन्सरचं टोक स्वच्छ राखाडी होतं, फक्त आतून फुटलेलं. दुसऱ्याचं टोकही तसंच, पण षटकोन निळा-जांभळा झालेला. दोन्ही वेळा टोक मला सांगत होतं की इंधनात, तेलात काही दोष नाही. मी तेव्हा टोक बघितलंच नाही, कनेक्टर काढला आणि नवा लावला.

तिसरा सेन्सर अजून गाडीत आहे. त्या क्लॅम्पनंतर अँबी व्हॅलीचे रन झाले, कारीचे दोन दिवस झाले, एक पूर्ण पावसाळा शेडमध्ये गेला. श्रावणातल्या पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून वाटीभर पाणी उडालं, आणि चाळीस सेकंदांनी गेजवर १.०० आलं. चौथा खोक्यातच आहे, सील फोडलेलं नाही. मालक तो अर्ध्या किमतीत काढायला तयार आहे. मी म्हटलं, राहू दे कपाटात, हँगरचं रबर जुनं झालंय.